वहीच्या पानावरचा दिवा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)

माझ्या हातात ही साधी दोनशेपानी वही आहे. आता मी या पानाचा कोपरा दुमडते. दिसला दिवा? मागे बसलेल्यांनाही दिसला असेल. या पानावर आमच्या वस्तीचा नकाशा आहे, आणि हा दिवा नववीतल्या एका मुलीने लावलेला आहे. तो तिने नेमका इथेच का लावला, ते शेवटी सांगते.

सुरुवातीलाच कबूल करते, मी विज्ञानाची बाई नाही. दहावीनंतर कला शाखा घेतली, पुढे एम.एस.डब्ल्यू. केलं. घरात फ्यूज उडाला की भावाला हाक मारायची, हीच मला लागलेली सवय. वस्तीत किशोरींचे गट घेऊ लागले, तेव्हा पाळी, शिक्षण, लग्नाचं वय हे विषय ठरलेले होते. मुली ऐकायच्या, माना डोलवायच्या, घरी जायच्या. आपण काहीतरी केलं असं त्यांना वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

एका प्रशिक्षणात मी वहीतले हे दिवे पाहिले. याला फार सामान लागत नाही. चपात्या गुंडाळायचा चांदीचा कागद, म्हणजे फॉईल. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून वहीत डिंकाने चिकटवायच्या. ही झाली तार. बारीक एलईडी दिवा, त्याचे दोन पाय दोन पट्ट्यांवर पसरून चिकटपट्टीने घट्ट दाबायचे. लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. आणि वजनकाट्यात असतो तो चपटा तीन व्होल्टचा सेल. एक पट्टी सेलखाली जाते, दुसरी पानाच्या कोपऱ्यावर संपते. कोपरा दुमडून सेलवर टेकवला की मंडल पूर्ण झालं. कोपरा हेच बटण.

स्वस्त वस्तूंतून विज्ञान शिकवणं आपल्याकडे नवं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १९७२ साली सुरू झाला. पुण्यात आयुकाच्या मुलांच्या केंद्रात अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. वहीची भर अलीकडची आहे. अमेरिकेत जिए ची यांनी अशी वहीच काढली, तिच्या पानांवर आखणी छापलेली असते आणि तिच्यावर तांब्याची पट्टी व दिवे चिकटवायचे असतात. त्याआधी लीआ बीकली यांनी कापडावर शिवता येणारा लिलीपॅड नावाचा संच केला, तो २००७ साली बाजारात आला. पुढे २०१० मध्ये त्यांनी आणि बेंजामिन मॅको हिल यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या आर्डुइनो पाटीवर काम करून ते जाहीर करणारे बहुतेक पुरुष होते. लिलीपॅडवर मात्र बहुसंख्य बायका होत्या. विद्युत तीच, हात घालायची जागा बदलली. सुई, कापड, कागद, वही या जागी मुलींना कोणी ‘तू इथे काय करतेस’ असं विचारत नाही.

पण एवढ्याने काम भागत नाही, हे मी चुकून शिकले. पहिल्या दिवशी मी मुलं-मुली एकत्र बसवली आणि चौघांत एक संच दिला. दहा मिनिटांनी पाहते तो सेल सगळे मुलांच्या हातात, आणि मुली स्केचपेनने कडेला वेलबुट्टी काढताहेत! कोणी भांडलं नव्हतं, कोणी ओढून घेतलं नव्हतं. आपोआप झालं होतं. आणि सांगायला लाज वाटते, मीही एका मुलीला म्हणाले, “किती छान रंगवलंस!”

त्यानंतर नियम केला. प्रत्येकीची वही स्वतंत्र, प्रत्येकीचा सेल स्वतंत्र. चुकलेलं पान फाडायचं नाही. दिवा लागला नाही तर पानावरच लिहायचं: काय केलं, काय झालं, काय वाटतं. कुठे पट्टी तुटली, कुठे दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या, कुठे पाय उलटे लागले. वहीचा खरा उपयोग इथे आहे. वर्गातला प्रयोग पेटीत परत जातो, वही मुलीबरोबर घरी जाते, आणि तिच्या चुकाही तिच्या मालकीच्या राहतात. एकीने लिहिलं होतं, ‘आज तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा मी कुणाला विचारलं नाही.’

घरी गेलेल्या वह्यांनी घरातही बोलणी सुरू केली. एक वडील तणतणत आले, मुलीला शॉक बसला म्हणजे? प्रश्न रास्त होता. तीन व्होल्टच्या सेलने शॉक बसत नाही, घरातली २३० व्होल्टची वीज मात्र जीव घेते. आणि हा फरक मुलींना समजणं हेच तिचं संरक्षण आहे, हे मी त्यांना सांगितलं. धोका दुसरीकडे आहे आणि तो तुम्हीही लक्षात ठेवा. हा चपटा सेल लहान भावंडाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर भाजू शकतं. म्हणून सेल मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, वहीत सेल ठेवून घरी पाठवायचा नाही. आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता इस्पितळ गाठायचं.

आता त्या मुलीच्या आईबद्दल. मुलीने एका पानावर लाल आणि पांढरा असे दोन दिवे एकाच सेलवर शेजारी-शेजारी जोडले होते. लाल लागे, पांढरा लागेना. मी म्हटलं, सेल उतरला असेल. नवा घातला, तरी तेच. तिला घ्यायला आलेली आई दारात उभी होती. म्हणाली, “ताई, लाल आन् पांढरा एका सेलवर नाही चालत. लाल समदं खाऊन टाकतो.”

खरंच होतं ते. लाल दिव्याला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. लाल जोडला की तो छोटा सेल तेवढ्यावरच खाली येतो. हे मी नंतर समजून घेतलं. बाईंना कसं माहीत? त्या चार वर्षं घरी दिव्यांच्या माळा जोडून देत होत्या. डझनावर पैसे. रंग वेगळे करणं, पाय ओळखणं, रात्री बारापर्यंत. त्यांना कोणी कधी कारागीर म्हटलं नव्हतं. अपोलो यानाच्या संगणकाची स्मृती अमेरिकेतल्या वॉल्थमच्या कारखान्यात बायकांनी तारा ओवून विणली होती, म्हणजे ही गोष्ट आपल्या वस्तीपुरती नाही. बाईचं बोट नाजूक म्हणून कामाला घ्यायचं, आणि नाजूक म्हणूनच मजुरी कमी द्यायची!

पुढच्या आठवड्यापासून त्या गटाला शिकवायला बसल्या. मी शेजारी बसून टिपणं काढली. त्यांना मानधन द्यावं म्हणून संस्थेत मला दोन बैठका भांडावं लागलं. ते मिळालं.

शेवटी हा नकाशा. मुलींना एकच सांगितलं होतं: वस्तीत जिथे दिवा हवा, तिथे दिवा लावा. मला वाटलं, कोणी देवळापाशी लावेल, कोणी घरावर. बहुतेक वह्यांत दिवा एकाच जागी लागला. सार्वजनिक संडासाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या मुली आहेत या. इतक्या वर्षांच्या बैठकांत ही गोष्ट कोणी माझ्यासमोर उच्चारली नव्हती.

त्या वह्या घेऊन आम्ही अर्ज द्यायला गेलो. साहेबांनी विचारलं, “कोणत्या सरांनी करून दिलं?” या मुलीने सेल काढला, पट्टी उचकटली, आणि त्यांच्या टेबलावरच पुन्हा जोडून दाखवलं. दीड महिन्याने वस्तीतले दोन खांब दुरुस्त झाले. बोळाच्या तोंडाचा खांब अजून अंधारातच आहे. दुसरा अर्ज तयार आहे, या वेळी आयाही येणार आहेत.

मैत्रिणींनो, आपापल्या गटात हे करून पाहा. फॉईल, डिंक, दिवे, सेल आणि प्रत्येकीला एक वही. आधी तुमच्या वस्तीत माळा जोडणारी कोण आहे, तिला शोधा. आणि दिवे कुठे लागतात, ते नीट बघा.