बोलणारं एटीएम

अंध ग्राहकाला इअरफोन लावून, कुणाच्याही मदतीशिवाय पैसे काढता यावेत म्हणून बोलणारं एटीएम आलं. मग प्रत्येक बँकेनं ते आपणहून का बसवलं नाही? हिशेब पाहा. एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्येही चालतं. म्हणजे जादा खर्च एकीनं करायचा आणि सोय प्रतिस्पर्ध्याच्या ग्राहकांचीही व्हायची! अशा वेळी जो तो दुसऱ्याची वाट पाहतो. हे बाजारावर सोडून चालणारं नव्हतंच. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी ठेवायला सांगितली. १ जुलै २०१४ पासून प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेल कळफलकाचं हवं, असा आदेश निघाला. तुमच्या भागातलं यंत्र बोलत नसेल, तर शाखेत लेखी मागणी जरूर करा.