मशीनचा ताळा सकाळीच घ्या

(साकोली येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आजच्या सभेत बचत आणि कर्जाचा विषय झाला. आता दहा मिनिटं मतदानाच्या मशीनवर बोलते. गावोगावच्या बैठकीत एकच प्रश्न येतो : "मॅडम, आपण बटण दाबतो एकाचं अन् मत जाते दुसऱ्याला, हे खरं का?" मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. मी विचारते, तुमच्या केंद्रावर सकाळी मशीन तपासली तेव्हा तिथं कोण होतं? मग सगळ्या गप्प.

२०१८ ची पोटनिवडणूक तुम्हाला आठवत असेल. भंडारा-गोंदिया लोकसभेची, २८ मे ला. आपली साकोली त्याच मतदारसंघात. उन्हाळी धानाचे दिवस, अंगाची लाही लाही होणारं ऊन, आणि कितीतरी केंद्रांवर मशीन बंद पडल्या. जास्त तक्रारी चिठ्ठी दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या होत्या. कडक उन्हाचं कारण तेव्हा सांगण्यात आलं. शेवटी ३० मे ला ४९ केंद्रांवर परत मतदान घ्यावं लागलं. म्हणजे तिथल्या बायांची दुसऱ्यांदा रांग, दुसऱ्यांदा मजुरी बुडाली. ज्यांना परत यायला जमलं नाही त्यांचं मत गेलंच.

तर मशीन बिघडू शकते. ते यंत्र आहे, आपल्या गिरणीसारखंच. बिघाड कळतो कसा, हे आपल्याला माहीत पाहिजे.

मतदान सुरू व्हायच्या आधी प्रत्येक केंद्रावर अभिरूप मतदान होतं. अधिकारी त्याला मॉक पोल म्हणतात. लोकसभा-विधानसभेला ते दीड तास आधी सुरू करतात आणि कमीत कमी ५० मतं टाकून पाहतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगर परिषद या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याची वेळ वेगळी असू शकते. ती केंद्राध्यक्षांना आदल्या दिवशीच विचारून घ्यायची.

आधी मशीन कोरी दाखवतात. प्रत्येक उमेदवारासमोर शून्य. मग उमेदवारांचे प्रतिनिधी बटणं दाबतात. कोणी कोणाला किती मतं टाकली ते वहीत लिहून ठेवायचं. मग क्लोज, मग रिझल्ट. मशीनचा आकडा आणि वहीचा आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर तिथंच सांगायचं, मशीन बदलून मिळते. जुळला की क्लिअर दाबून सगळं पुसतात, परत शून्य दाखवतात, सील लावतात, सह्या घेतात.

ते शेवटचं पुसणं लई महत्त्वाचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये मशीनच्या खटल्यात निकाल दिला, त्यात आंध्र प्रदेशातल्या मैदुकूरचं उदाहरण आहे. २०१९ च्या निवडणुकीत तिथल्या एका केंद्रावर मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही. कारण काय निघालं? सकाळच्या चाचणीची मतं पुसायची राहून गेली होती. मशीन चांगली होती, माणूस विसरला. म्हणून दुसऱ्यांदा शून्य आपल्या डोळ्यानं पाहिल्याशिवाय सही करायची नाही. साहेब घाई करत असले तरी नाही.

आता गावच्या निवडणुकीची गोष्ट वेगळी कशी? आपल्या राज्यात स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसते. चिठ्ठी दिसत नाही. म्हणजे दाबलेलं बटण बरोबर जागी गेलं की नाही, हे उमेदवाराच्या माणसाला स्वतः पाहायला मतदानाच्या दिवशी ही सकाळची चाचणीच आहे. शिवाय ग्रामपंचायतीत एक मतदार एकापेक्षा जास्त मतं देतो, सरपंचाचं वेगळं, सदस्यांचं वेगळं. तेव्हा चाचणीत प्रत्येक जागेतलं प्रत्येक बटण दाबून पाहायचं, नोटा सुद्धा. पहिल्या दोन उमेदवारांची दाबली आणि "झालं झालं" म्हटलं, असं चालत नाही. खालच्या नंबरवरची उमेदवार कदाचित आपल्याच गटातली असते.

सकाळची चाचणी दुपारची हमी देत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी टोटलचं बटण आहे. आतापर्यंत किती जणांनी मत दिलं ते त्यावर दिसतं, आणि बाजूला मतदारांच्या सह्यांची नोंदवही असते. दोन्ही जुळले पाहिजेत. संध्याकाळी बंद करताना तो आकडा लिहून घ्यायचा आणि मतमोजणीच्या दिवशी सोबत न्यायचा.

हे ऐकून तुम्हाला नवीन काही वाटलं का? रोकडवही आणि हातातली रक्कम दर महिन्याला कोण जुळवतं? तुम्हीच. दहा रुपये कमी आले तर रात्री आठ वाजेपर्यंत बैठक उठत नाही. पण केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसतात पोरं, अर्धी उशिरा येतात. कर्मचारी तरी किती वाट पाहणार? थोडा वेळ थांबतात आणि पुढं जातात. राज्यात निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, आपल्या कितीतरी सदस्य उभ्या राहतात, आणि त्यांच्या मशीनसमोर मात्र दीर नाहीतर पुतण्या उभा. हे मला पटत नाही.

प्रतिनिधी व्हायला उमेदवाराच्या सहीचा नेमणुकीचा फॉर्म लागतो. तो आदल्या दिवशी भरून ठेवा, ओळखपत्र सोबत ठेवा. सरकारी नोकरीतल्या बाईला प्रतिनिधी होता येत नाही. मानधनावर काम करणाऱ्या तायांनी तहसील कार्यालयात विचारूनच ठरवायचं. आणि एक, गटाच्या नावानं कोणाचाही प्रचार नाही. प्रतिनिधी व्हाल ते स्वतःच्या नावानं. एकाच गटातल्या दोघी दोन वेगळ्या उमेदवारांकडून बसल्या तर अजूनच चांगलं, आकडा दोन वह्यांत उतरेल.

तहसीलमध्ये मशीनवर मतपत्रिका बसवतात त्या दिवशीही उमेदवारांना बोलावतात. तिथं आपल्या केंद्राला कोणत्या नंबरची मशीन मिळाली ते लिहून घ्या आणि मतदानाच्या सकाळी तोच नंबर आहे का ते पाहा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून वही आणि पेन. पुढच्या सभेत ज्यांच्या गावी निवडणूक आहे त्यांनी हात वर करा, पुठ्ठ्याची मशीन करून आपण ही चाचणी इथंच एकदा करून पाहू.