कचेरीतील दूरध्वनी आणि नवी संपर्क यंत्रणा

(कार्यालयीन कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा सारांश)



टेबलावरील दूरध्वनी, ध्वनिसंदेश, ई-मेल आणि संगणकावरील बैठका ही साधने एकत्र जोडणाऱ्या व्यवस्थेस एकात्मिक संपर्क यंत्रणा म्हणतात. त्यासाठी लागणारी ‘सिप’ ही संकेतपद्धती १९९९ साली प्रसिद्ध झाली व २००२ मध्ये तिला सुधारित रूप मिळाले. जुने दूरध्वनी टाकून द्यावे लागतातच असे नाही. एक लहानसे जोडयंत्र लावून बहुतेक साधे दूरध्वनी संगणकाच्या जाळ्यास जोडता येतात. मग एकाच क्रमांकाची घंटा टेबलावर व मोबाईलवरही वाजविता येते. कोणी उत्तर न दिल्यास निरोप ध्वनिमुद्रित होऊन अधिकाऱ्याच्या ई-मेलमध्ये येतो.

ही सोय उत्तम आहे. परंतु दोन गोष्टींची दक्षता घ्यावयास हवी.

पहिली गोष्ट, संदेशपेटी व्यक्तीच्या नव्हे, पदाच्या नावे असावी. गोव्यातील खाजन शेतीचे उदाहरण घ्या. बांधाला भगदाड पडल्याचा निरोप शेतकऱ्याने ठेवला आणि तो बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या पेटीत पडून राहिला, तर खारे पाणी शेतात शिरल्यावाचून राहणार नाही. म्हणून पेटी रोज कोणी ऐकावयाची, ते लेखी ठरवावे. स्वागताचा संदेश कोकणी व मराठीत असावा, आणि तातडीच्या प्रसंगी कोणता क्रमांक फिरवावा, हेही त्यात सांगावे.

दुसरी गोष्ट विजेची. तांब्याच्या तारेवरील जुन्या दूरध्वनीस विनिमय केंद्रातील बॅटरीवरून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा होत असे. त्यामुळे कचेरीतील दिवे गेले तरी तो बोलत असे. नवा दूरध्वनी मात्र कचेरीच्या विजेवर व जाळ्यावर अवलंबून असतो. पावसाळ्यात, लोकांना आपली गरज असते नेमक्या त्याच वेळी, तो मुका होऊ शकतो. यास्तव जाळ्याच्या सर्व उपकरणांना बॅटरीचा आधार द्यावा आणि संपर्काचा एक स्वतंत्र मार्ग राखून ठेवावा.

यंत्र निरोप नोंदवून ठेवील; तो ऐकून उत्तर देण्याची जबाबदारी मात्र आपलीच आहे. खेड्यातील माणसाला कचेरीचा एक हेलपाटा वाचला, तरच ही यंत्रणा सार्थकी लागली असे म्हणता येईल.