घरी वाचायचा धडा



दहावीत प्रजननाचा धडा आला, तेव्हा बाई म्हणाल्या, "हा घरी वाचा." आपण माना खाली घालून हसलो. पुढे माझी नोकरीची सगळी वर्षं त्याच धड्यावर गेली!

वृषणातल्या बारीक नलिकांच्या कडेला काही मूळपेशी असतात. त्यांचं विभाजन झालं की काही मूळपेशीच राहतात, बाकीच्या शुक्राणू व्हायच्या वाटेला लागतात. माणसात ही वाट साधारण 64 ते 74 दिवसांची. आई रोज थोडं विरजण मागे ठेवायची, तसंच हे. विरजण संपलं की दही बंद.

1994 साली अमेरिकेत राल्फ ब्रिन्स्टर यांनी एका उंदराच्या या पेशी दुसऱ्या, शुक्राणू न उरलेल्या उंदरात सोडल्या. तिथे त्या रुजल्या, पिल्लंही झाली.

कर्करोगाच्या काही औषधांनी हे विरजणच मरतं. मोठा माणूस उपचाराआधी शुक्राणू गोठवून ठेवू शकतो. आठ वर्षांच्या मुलात मूळपेशी असतात, शुक्राणू नसतात. त्याच्यासाठी वृषणाचा छोटा तुकडा गोठवून ठेवतात. त्यातून पुढे शुक्राणू मिळवण्याचं काम अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. पण तेवढी तरी आशा ठेवायची, तर उपचाराआधीच विचारायला हवं. ओळखीतले आईवडील मला फोन करतात ते उपचार संपल्यावर. आधी विचारायची लाज वाटली, म्हणतात.

बाई, तुमच्यावर राग नाही, तेव्हा रीतच तशी होती. पण नातवंडांना हा धडा आता वर्गातच शिकवूया.