तीन पिढ्या आणि एकच सूचना

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ पसरू लागली आणि दूरध्वनी लावणाऱ्याच्या कानी प्रथम खोकल्याचा आवाज व त्यामागून शासनाची सूचना येऊ लागली. ऐकणारा सत्तर वर्षांचा असो की सतरा वर्षांचा, पेणच्या मूर्तिशाळेतील कारागीर असो की रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील पाळीवरचा कामगार असो, सूचना एकच. रोग मात्र सर्वांशी सारखा वागत नव्हता. वृद्धांना त्यापासून मृत्यूचे भय अधिक होते. तरुणांना तो बहुधा सौम्य होई, पण त्यांच्यामार्फत घरातील म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचे. मुलांना आजारापेक्षा बंद शाळेची झळ अधिक लागली. प्रत्येक वयाला निराळे सांगणे ही म्हणूनच आरोग्याची गरज होती.

परंतु वय ओळखले म्हणजे माणूस ओळखला असे नव्हे. ज्येष्ठांनी वेगळ्या खोलीत राहावे, हा उपदेश शास्त्रशुद्ध होता. पण पेण-रोहे तालुक्यांतील कातकरी वाड्यांवर एका खोपटात तीन पिढ्या झोपतात. तेथील आजीने वेगळी खोली आणावी कोठून? तिला सांगायला हवे होते ते असे : जेवण अंगणात, मोकळ्या हवेत घ्यावे, खोकणाऱ्याने शक्य तितके दूर निजावे, धाप लागताच आरोग्य केंद्र गाठावे. आणि तेथवर नेणाऱ्या वाहनाची सोय सांगणाऱ्यानेच करायला हवी होती. ताप आल्यास कामावर जाऊ नका, हे कंत्राटी कामगाराला सांगणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या रोजाचे काय, याचेही उत्तर द्यायला हवे होते. जो संदेश पाळण्याचे साधन देत नाही, तो संदेश नसून दोषारोप असतो.

तरुणांच्या बाबतीत तर वयाची विभागणी हीच अडसर ठरली. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, परंतु कोविन संकेतस्थळावर आधी नोंदणी करण्याच्या अटीवर. तरुणांच्या हाती स्मार्टफोन असतोच, हे शहरी गृहीतक त्यामागे होते. वीटभट्टीवर राबणाऱ्या विशीतील मजुराला ते लागू पडत नव्हते. या डिजिटल दरीवर त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही बोट ठेवले.

याउलट १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघर गेली. त्यांनी ताप व रक्तातील प्राणवायू मोजला, कोणास जुने आजार आहेत याची विचारपूस केली. आधी विचारणे आणि मग सांगणे, हा लोकशिक्षणाचा खरा क्रम. मात्र मोहिमेच्या नावातील ‘माझी’ हा शब्द विचार करायला लावतो. कुटुंबाची जबाबदारी कुटुंबावर. मग समाजाची आणि शासनाची कोणावर?

या कामाचा मोठा भार आशा कार्यकर्तींनी वाहिला. कोणत्या घरात म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे, कोणती सून गरोदर आहे, कोणता मुलगा मुंबईहून परतला आहे, हे गावात त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? वयागणिक बोलण्याची कला त्यांना कोणत्याही प्रचारतज्ज्ञाने शिकवावी लागली नाही. त्याच आशांना रास्त मानधनासाठी १५ जून २०२१ पासून राज्यभर संप करावा लागला. शासनाच्या लेखी त्या ‘स्वयंसेविका’ होत्या. गावाच्या लेखी त्याच आरोग्यखाते होत्या.

मित्रहो, पुढची साथ येईल तेव्हा भिंतीवर एकच घोषणा रंगवून कार्यकर्त्याचे काम संपणार नाही. म्हाताऱ्यापाशी बसून, तरुणाला पाळी सुटल्यावर गाठून आणि मुलाला शाळेत भेटून त्याला बोलावे लागेल. प्रत्येक वेळी त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा : जे सांगतो आहे, ते पाळणे या माणसाला शक्य आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या माणसाला दोष न देता ते शक्य व्हावे म्हणून त्याच्या बाजूने झगडावे. आरोग्यशिक्षण आणि समाजपरिवर्तन यांची वाट तेथे एक होते.