हट्ट नव्हे, सोसत नाही!

आम्ही चौसाळ्याच्या आया बोलतोय. एखादं स्वमग्न लेकरू नुसती कोरडी भाकरीच खातं. वरण लागलं की ताट सारतं. लोक म्हणतात, "लाडावलंय, उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल." तसं करू नका. हा हट्ट नसतो. ओलं-चिकट, उग्र वास त्याला सोसत नाही. ते उपाशी राहील, पण खाणार नाही. म्हणून त्याची भाकरी चालूच ठेवा. शेजारी वेगळ्या वाटीत चमचाभर वरण ठेवा. त्यानं हुंगलं, बोट लावलं तरी पुष्कळ. १०-१५ वेळा ठेवावं लागेल. तोंडात कोंबू नका. वजन घटलं, घास अडकू लागला, तर लगेच दवाखाना गाठा. अंगणवाडीत वर्षातून २ वेळा तपासणीचं पथक येतं, त्यांनाही सांगा. आणि सासूबाई, जाऊबाई, तुम्हीही त्या आईला बोल लावू नका.