मागची गाडी

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



श्रीलंकेत सायकल चालवून आलो, तेव्हापासून सकाळी पोह्याच्या दुकानासमोर कुणी ना कुणी आम्हाला अडवतं आणि तेच तीन प्रश्न विचारतं. समुद्र कसा ओलांडला? खर्च किती आला? आणि या वयात हे खूळ कुणी डोक्यात घातलं? पहिल्याचं उत्तर, विमानाने. दुसऱ्याचं उत्तर मंडळाच्या खजिनदारांसमोर देणार नाही. तिसऱ्याचं उत्तर थोडं लांबलचक आहे, आणि त्यात एक कबुलीही आहे.

आम्ही दोघं, एक पासष्टचा आणि एक एकसष्टची. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितली. आधी घर ते राजवाडा, मग राळामंडळ, मग महू. गेल्या हिवाळ्यात सिमरोळचा घाट उतरून एका दिवसात ओंकारेश्वर गाठलं. पाऊणशे किलोमीटर! परत बसने आलो ही गोष्ट आम्ही फारशी सांगत नाही. त्यानंतर आम्हाला वाटू लागलं की आता आपल्याला काही अशक्य नाही.

मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणाला, "जायचंय तर जा, पण वाटाड्या असलेली आणि मागे गाडी असलेली सहल घ्या." आम्हाला ते जरा लागलंच. मागे गाडी कशाला? आम्ही काय सामान आहोत? पण त्याच्या समाधानासाठी तशी सहल घेतली. नऊ दिवसांची, फेब्रुवारीतली.

अशी सहल चालते कशी, ते आधी सांगतो. आम्ही दहा जण होतो, निरनिराळ्या देशांतले. भारतातले आम्ही दोघंच, आणि वयाने सगळ्यांत मोठेही आम्हीच. सायकली त्यांच्या, फक्त बसायच्या सीट आम्ही घरून नेल्या होत्या. हा सल्ला कुणी दिला त्याचे उपकार विसरणार नाही. पुढे वाटाड्या, मध्ये आपण, शेवटी त्याचा एक जोडीदार आणि त्याच्या मागे गाडी. गाडीत पाणी, केळी, ट्यूब, पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि चार रिकाम्या सीट. त्या रिकाम्या सीटांकडे आम्ही पहिले तीन दिवस पाहिलंसुद्धा नाही.

वाटाड्याला आम्ही 'मल्ली' म्हणत होतो. सिंहलीत मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. तो आमच्यातल्या एकाला 'अय्या' म्हणे, म्हणजे दादा, आणि दुसरीला चक्क 'अक्का'. सिंहली आपल्यासारखीच प्राकृताच्या घराण्यातली भाषा, त्यामुळे अधूनमधून ओळखीचा शब्द कानावर पडून दचकायला होतं. ठीक आहे म्हणायचं असेल तर ते 'हरि हरि' म्हणतात. चाळीस वेळा हरिनाम ऐकून आमचा दिवस पुण्याचा जात असे. आणि सावकाश म्हणायचं असेल तर 'हेमिन हेमिन'. हा शब्द मल्ली आम्हाला दिवसातून शंभर वेळा ऐकवी आणि आम्ही 'हरि हरि' म्हणून पुढे सुटत असू.

पहिला दिवस निगंबोजवळ, डचांच्या काळातल्या कालव्याच्या काठाने. सगळी सपाट वाट, नारळीची सावली. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण आपल्यापेक्षा शिस्तीत. खासगी बसवाले मात्र अगदी आपलेच! सकाळी सकाळी कुठूनतरी बीथोव्हेनची धून वाजत येई. आधी वाटलं कुणाचा फोन वाजतोय. ती पाव विकणारी तीनचाकी रिक्षा निघाली. गल्लोगल्ली हीच धून वाजवत फिरते आणि लोक फाटकाशी येऊन उभे राहतात.

मग गाडीने अनुराधापूर. आपण माळव्यातल्या लोकांनी ही जागा पाहायलाच हवी. तिथला बोधिवृक्ष म्हणजे सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नेलेल्या फांदीचं झाड, असं तिथली परंपरा मानते. तिचा भाऊ महेंद्र तिच्या आधी तिथे पोचला. तो राजाला भेटला ती मिहिंतलेची टेकडी तिथून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. आणि या दोघा भावंडांची आई विदिशेची! अशोक तरुणपणी उज्जैनला अधिकारी होता, तेव्हाची ही कथा. आम्ही मल्लीला सांगितलं की उज्जैन आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. त्याने सायकल थांबवली, हात जोडले आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही महिंदांच्या आजोळकडचे." इतका मान आम्हाला इंदुरात कुणी दिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी जंगलातल्या वाटेने जाताना एका झाडाखाली थांबलो. तिथे आडव्या काठीवर हिरव्या डहाळ्या लटकत होत्या. रानात शिरण्याआधी वाटसरूने एक डहाळी मोडून देवाला लावायची, म्हणजे हत्तीपासून रक्षण होतं, अशी त्या भागातली जुनी रीत. देव कोणता विचारलं, तर मल्ली म्हणाला, "गण देवियो." आपला गणपती! मूर्ती नाही, मखर नाही, नुसती डहाळी. आम्हीही लावली. हत्ती तिथे खरेच आहेत, म्हणून त्या पट्ट्यात दुपारी साडेचारनंतर सायकली गाडीवर चढत. त्याला कुणीच हरकत घेत नसे. हत्तीपुढे कुणाचा अभिमान चालत नाही.

स्वतःपुढे मात्र चालतो. आता कबुली.

चौथ्या दिवशी हबरणहून मिन्नेरियाच्या तलावावरून पोलोन्नरुवा. पंचेचाळीसेक किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. हवा तेहतीस अंश. आम्ही मनात हसलो. इंदूरच्या मे महिन्यात त्रेचाळीस अंशांत भाजी आणायला जाणारे आम्ही! पण हे गणित चुकीचं होतं. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो, उडून जातो, आणि जाताना अंग गार करतो. तिथल्या दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता वाहतो. अंग तापत राहतं आणि शरीरातलं पाणी व मीठ दोन्ही जातं. म्हणून मल्ली दर थांब्यावर लिंबू-मीठ घातलेलं पाणी पुढे करी. आमच्यापैकी एकाने ते घेतलं नाही, कारण रक्तदाबासाठी मीठ बंद होतं. त्यातून रोजच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध होतं. ही गोष्ट सहलीच्या अर्जात विचारली होती. आम्ही दोघांनी मिळून तिथे काय लिहिलं? 'रक्तदाब, नियंत्रणात.' गोळीचं नाव लिहिलं नाही. लिहिलं तर नेणार नाहीत, ही भीती. (आमच्यापैकी कोण, ते विचारू नका. घरात तसा करार आहे.)

दुपारी विश्रांती घेऊन आम्ही पराक्रम समुद्राच्या बांधावर निघालो. हा समुद्र म्हणजे बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाने बांधलेला तलाव. बांधच सुमारे चौदा किलोमीटर लांब. एका बाजूला क्षितिजापर्यंत पाणी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं आणि बगळे. मल्लीने दोनदा विचारलं, "गाडी?" आम्ही दोन्ही वेळा म्हणालो, "हरि हरि." थोड्या वेळाने हँडल डुलायला लागलं. भर उन्हात अंगावर थंडीचा काटा आला. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, आणि सायकल बांधावरून खाली गेली. देवाची कृपा, की पाण्याच्या बाजूला नाही, शेताच्या बाजूला, गवतात.

मल्ली काय वेगाने मागे आला! सावलीत नेलं, हेल्मेट आणि बूट काढले, पाय उंच ठेवले, मानेला आणि काखेत ओली फडकी लावली. तोवर गाडी आलीच होती. दवाखान्यात सलाइन लागलं. चार तासांत रंग परत आला. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी मागितली आणि मल्लीला सगळं कळलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आमच्या शेजारी बसून मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "लिहिलं असतं तरी आणलंच असतं. फक्त अर्धा तास लवकर निघालो असतो आणि मी तुमच्या जवळ राहिलो असतो. गाडीत कोण बसतं याने मला फरक पडत नाही. मला फक्त खरं माहीत हवं."

त्याच संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ फोन आला. आम्ही फोन तलावाकडे फिरवला, सूर्यास्त दाखवला. हाताला सुईची पट्टी होती, ती बाहीखाली झाकली. तो म्हणाला, "मस्त दिसतंय." आम्ही म्हणालो, "हो ना." फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मुलं लहान असताना तीही असंच करायची. गुडघा फुटला की फुल पँट घालून जेवायला बसायची.

पुढचा दिवस आमच्यापैकी एक गाडीत बसला, ड्रायव्हरच्या शेजारी. आणि गंमत म्हणजे त्या दिवशीच्या सर्वांत चांगल्या गोष्टी त्यालाच दिसल्या. माघारी राहिलेल्यांसाठी ड्रायव्हर केशरी शहाळी कशी निवडतो, कुणाचं चाक पंक्चर होणार हे त्याला आधी कसं कळतं, आणि सगळे पुढे गेल्यावर तो रस्त्यावरचं केळीचं साल उचलायला कसा थांबतो.

मग कँडी. तिथून नुवारा एलिया, म्हणजे पाचशे मीटरवरून जवळजवळ एकोणीसशे मीटरपर्यंतचा चढ. चहाचे मळे, धबधबे, आणि वळणामागे वळण. रंबोड्यापर्यंत आम्ही आळीपाळीने चालवत आलो. तिथे टेकडीवर हनुमानाचं मंदिर आहे. त्याला नमस्कार केला, आणि पुढचा घाट समोर दिसताच आम्ही दोघांनी स्वतःहून हात वर केला. कुणी विचारायच्या आधी. गाडी थांबली. आत पाहतो तर आमच्या चमूतला चौतिशीचा तगडा तरुण आधीच बसलेला! त्याने सरकून जागा दिली. वर पोचलो तेव्हा स्वेटर घालावे लागले, आणि तिथला चहा आम्हाला कमावल्यासारखाच लागला.

एल्लाहून वेल्लवायाचा उतार मात्र पूर्ण सायकलवर. सत्तावीसेक किलोमीटर, वाटेत रावणाच्या नावाचा धबधबा. ब्रेक सारखे दाबून धरायचे नाहीत, थोडे दाबायचे, सोडायचे, हे मल्लीने शिकवलं. त्या दिवशी 'हेमिन हेमिन' आम्हीच एकमेकांना म्हणत होतो.

घरी परतल्यावर आठवड्याने मुलाला सगळं सांगितलं. तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "यापुढे अर्ज मी भरणार." आम्ही म्हणालो, नाही, भरू आम्हीच, पण तुला दाखवून. यावर तडजोड झाली आहे.

येत्या जानेवारीत मंडळाची ओंकारेश्वर सायकल सहल काढायचं ठरतंय. दमट हवा नसेल, हत्ती नसतील. मागे गाडी असेल आणि तिच्यात चार सीट रिकाम्या असतील. नावं आज कार्यक्रमानंतर नोंदवायची आहेत. अर्जात गोळ्यांचा एक रकाना आहे. तो आम्ही आग्रहाने घालायला लावला आहे. पहिला अर्ज आमचाच आहे, आणि तो रकाना पूर्ण भरलेला आहे.

गणपती बाप्पा मोरया!